गोष्ट, हुंकार आणि यंत्र

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराचा उकाडा ओसरत असताना, केवळ ऐकण्यासाठी म्हणून माणसांनी एकत्र बसावे, ही रीत न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात रुजली आणि पुढे महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी तिला आपलेसे केले. आजचा माझा विषयही ऐकण्याचाच आहे. फरक इतकाच की ज्या श्रोत्यांविषयी मी बोलणार आहे त्यांचे वय पाच ते नऊ वर्षांचे असून, त्यांना व्यासपीठापेक्षा सांगणाऱ्याच्या मांडीचे आकर्षण अधिक असते. प्राथमिक शाळेच्या वर्गात गोष्ट कशी सांगावी, परीकथेला तेथे कोणते स्थान असावे, आणि पडदा, ध्वनिमुद्रक, भ्रमणध्वनी ही जी साधने आता खेड्यापाड्यांतील शाळांतही येऊन पोहोचली आहेत त्यांचा या कामी कोणता उपयोग करावा, यासंबंधी तीस-एक वर्षांच्या मास्तरकीत जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

ज्यांचे बालपण वाड्यात, चाळीत किंवा पाड्यावर गेले त्यांना आठवत असेल की आजी गोष्ट सांगू लागली म्हणजे तिची पहिली अट असे ती हुंकाराची. ऐकणाऱ्याने वाक्यागणिक ‘हूं’ म्हटले पाहिजे. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. मूल जागे आहे की झोपले एवढेच पाहण्याची ती युक्ती होती असे पुष्कळांना वाटते, पण त्या एका ध्वनीतून सांगणाऱ्याला याहून किती तरी अधिक वर्दी मिळत असे. हुंकार घाईघाईने आला तर मूल पुढल्या प्रसंगाकडे धाव घेत आहे, लांबला तर ते अर्थ लावीत आहे, दबका आला तर ते भ्याले आहे, आणि आलाच नाही तर एखादा शब्द त्याला उमगलेला नाही, हे सारे अंधारात, तोंड न पाहता, आजीला कळत असे. आणि त्या मानाने ती आपली चाल बदली, राक्षसाला दोन पावले मागे नेई, राजकन्येला दारापाशी जरा अधिक वेळ उभी करी. गोष्ट सांगणारी एक आणि ऐकणारा दुसरा असा हिशेब तेथे नव्हताच. ती दोघांनी मिळून चालविलेली एकच क्रिया होती. वर्गात नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक यंत्राला मी जो एक प्रश्न विचारीत आले तो येथूनच निघाला आहे: या यंत्रापुढे मुलाचा हुंकार कोठे जातो?

परंतु यंत्राकडे वळण्यापूर्वी परीकडे वळले पाहिजे, कारण तिच्याविषयीही आपल्या शिक्षणक्षेत्रात एक जुना वाद आहे. ‘परी’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, म्हणून परीकथा ही वस्तूच परकी, असे समजणारे सद्गृहस्थ मला भेटलेले आहेत. शब्द परका असेल; पण ज्या मुलखात अप्सरांच्या ‘साती आसरा’ होऊन त्या गावच्या डोहात राहावयास आल्या आणि यक्षिणीची ‘जखीण’ होऊन ती पारावरच्या झाडावर बसली, त्या मुलखाला अद्भुताची आयात करण्याचे कारण नव्हते. आटपाट नगराच्या श्रावणातल्या कहाण्या, भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेली म्हातारी, शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी, ही आमची परीकथाच आहे. पंखांची परी तिच्यात क्वचित येते. परंतु युरोपातील परीकथांतही प्रत्यक्ष परी दर वेळी येतेच असे नाही. लाल टोपीवालीच्या गोष्टीत लांडगा आहे, परी नाही.

खरा वाद निराळाच आहे. माँटेसोरीबाईंचे मत लहान मुलांच्या परीकथांना फारसे अनुकूल नव्हते. ज्या वयात मूल वास्तवाशी ओळख करून घेत असते त्या वयात त्याच्यापुढे अवास्तव मांडल्याने त्याचा गोंधळ होतो, अशी त्यांची धारणा होती. आता योग पाहा. त्यांच्याच पद्धतीचा ध्वज ज्यांनी गुजरातेत उभारला त्या गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात, १९२० पासून, गोष्टीला शिक्षणाच्या अगदी मध्यभागी बसविले. कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक तर उच्छृंखल वर्गाला पहिल्यांदा वश करतो तो गोष्टीच्याच बळावर. गुरूचा मान राखूनही गुरूचे प्रत्येक मत शिरोधार्य मानण्याचे कारण नसते, हे गिजुभाईंनी आचरणाने दाखवून दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तीच दृष्टी महाराष्ट्रात आणली, १९४५ मध्ये बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांमध्ये काम केले, आणि जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, कारण त्यांना गुरे राखावी लागत, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे त्या शाळेचे नाव. तेथे विजेचे साधन नव्हते. पण झाडाची सावली, गळ्यात घंटा बांधलेली गाय आणि हाताशी असलेले खडे-पाने यांतूनच तेथे अध्यापनाचे साहित्य निर्माण झाले. या मंडळींनी कधी साधनांचा तिरस्कार केला नाही; त्यांनी साधन मुलाच्या हाती दिले. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

चित्राच्या साहाय्याने गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडे पडद्याबरोबर आलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील चित्रकथी आजही आपल्या पोथ्या जपून आहेत. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. कथेकरी एक चित्र श्रोत्यांपुढे उभे धरतो, वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गातो, सांगतो, पात्रांचे संवाद म्हणतो, आणि प्रसंग संपला की मगच पुढले चित्र काढतो. या पद्धतीचे बारकाईने निरीक्षण केले तर वर्गातील पडद्याविषयीचे सर्व प्रश्न तेथे उलगडलेले दिसतात. चित्र स्थिर आहे. हालचाल आहे ती शब्दात. सांगणाऱ्याचा चेहरा चित्राच्या शेजारीच आहे. तो अंधारात गडप झालेला नाही. आणि पुढल्या चित्राची वेळ ठरविणारा हात सांगणाऱ्याचा आहे, तो श्रोत्यांकडे पाहून ठरवितो. चित्र आपण होऊन पुढे सरकत नाही. १८९० नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी जादूच्या कंदिलाची सुधारलेली आवृत्ती सिद्ध करून, काचांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर टाकून, पौराणिक कथांचे खेळ केले आणि त्या प्रयोगाला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. तेथेही काचा हालवून चित्रे हालती करण्याची करामत होती, परंतु कथन माणसाचे होते, आणि माणूस तेथे हजर होता.

यानंतरचा टप्पा निराळा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात सकाळचे प्रक्षेपण शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेले होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि पुष्कळ वर्षे तिने मराठी मुलांसाठी कार्यक्रम निर्माण केले. त्यांत गुणी माणसांनी जीव ओतून केलेले काम होते, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. तथापि प्रक्षेपणाचा स्वभावच असा की ते थांबत नाही. एखाद्या मुलाला ‘पण बाई, तो ससा घाबरला का नाही?’ असे विचारावयाचे असले तरी ससा तोवर बिळात गेलेला असे. मुले गप्प बसत. आणि वर्ग गप्प बसला म्हणजे शिक्षण चालू आहे असे समजण्याचा आपल्या खात्याचा जुना शिरस्ता असल्यामुळे, हरवलेल्या हुंकाराची नोंद कोणत्याही हजेरीपटात झाली नाही.

आजचे साधन या बाबतीत अधिक आज्ञाधारक आहे, आणि म्हणूनच आशा धरण्यास जागा आहे. २०१५ नंतर महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांनी गावाच्या लोकवर्गणीतून पडदे, संगणक, टॅब्लेट घेतले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून कविता, गोष्टी आणि चित्रफिती मुलांच्या घरापर्यंत पोहोचविल्या. आज बालभारतीच्या पुस्तकांतही ते कोड छापलेले असतात. आता गोष्ट हवी तेथे थांबवता येते, मागे नेता येते, आवाज बंद करून केवळ चित्र ठेवता येते किंवा चित्र झाकून केवळ आवाज ठेवता येतो. अधिकार शिक्षकाच्या अंगठ्यात आलेला आहे. दुःख एवढेच की तो अंगठा बहुधा वापरला जात नाही. तासाला आरंभ झाला की गोष्टीची चित्रफीत सुरू करावी आणि तेवढ्या अवधीत अहवालांचे दप्तर उरकून घ्यावे, हा मोह आमच्या शिक्षकबंधुभगिनींना पडतो. त्यांच्यावर कागदपत्रांचा जो बोजा लादलेला आहे तो पाहता त्यांना दोष देणे मला रुचत नाही, पण मुलांचे होणारे नुकसान त्यामुळे कमी होत नाही.

हे नुकसान कोणते, ते एका अनुभवाने सांगते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूकडील एका शाळेत, मी दुसरीच्या वर्गाला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट तोंडी सांगितली आणि नंतर म्हातारीचे चित्र काढावयास सांगितले. वर्गात जितकी मुले तितक्या म्हाताऱ्या निघाल्या. एकीच्या कमरेला कोयता होता, एकीला दात नव्हते पण डोक्यावर लाकडाची मोळी होती, एका मुलाने भोपळा घराएवढा काढून त्याला दार आणि ओटा केला होता, कारण आजी ओट्याशिवाय बसेल कोठे, हा त्याचा बिनतोड प्रश्न होता. काही वर्षांनी, दुसऱ्या शाळेत, नव्या साधनाच्या उत्साहात, मी तीच गोष्ट आधी हलत्या चित्रांत दाखविली. चित्रे उत्तम होती, रंग मोहक होते. त्यानंतर मुलांनी काढलेल्या म्हाताऱ्या मात्र जवळजवळ सगळ्या एकाच चष्म्याच्या, एकाच निळ्या लुगड्याच्या आणि एकाच हसण्याच्या होत्या. दोन निरनिराळे वर्ग, निरनिराळी वर्षे. यावरून सिद्धान्त काढण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या दिवसापासून मी एक नियम स्वतःला घालून घेतला तो असा की, गोष्ट आधी कानात गेली पाहिजे. चित्र हवेच असेल तर ते मुलाच्या चित्रानंतर.

भयाच्या बाबतीत तर हा नियम मी कसोशीने पाळला. परीकथांत क्रौर्य असते, लांडगा म्हाताऱ्या आजीला गिळतो, सावत्र आई मुलांना रानात सोडते, म्हणून त्या गोष्टी निवडून निर्धोक कराव्यात असा सल्ला पालक नेहमी देतात. कानाने ऐकलेला लांडगा प्रत्येक मूल आपल्याला पेलेल एवढाच मोठा करते. भित्र्या मुलाचा लांडगा कुत्र्याएवढा असतो, धीट मुलाचा म्हशीएवढा. पडद्यावरचा लांडगा मात्र सर्वांसाठी एकाच मापाचा असतो, आणि ते माप कोणत्या तरी दूरच्या शहरातील चित्रकाराने ठरविलेले असते. गोष्टीतील भय कमी करण्याची खटपट करण्यापेक्षा ते मुलाच्या स्वाधीन करणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे.

मग यंत्राला गोष्टीच्या तासातून हद्दपार करावे काय? मुळीच नाही. माझे सांगणे असे आहे की आपण यंत्राला चुकीच्या जागी बसविले. आपण त्याला आजीच्या जागी बसविले. ते बसावयास हवे होते लेखकाच्या, चिटणिसाच्या जागी. ग्रिमबंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली निघाला. दुसऱ्या भागातील बऱ्याच कथा ज्या बाईने दिल्या ती डोरोथिया फीमान कासेल शहराजवळच्या खेड्यातील एका शिंप्याची बायको. ती बाजारात भाजी विकावयास येई. ग्रिमबंधूंनी तिच्याविषयी प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे की ती प्रथम गोष्ट मोकळेपणाने सांगे, मग कोणी विनंती केली तर तीच गोष्ट पुन्हा सावकाश सांगे, म्हणजे लिहिणाऱ्याला लेखणीने पाठलाग करता येई. आणि सांगताना काही चुकले तर ते तिचे तिलाच लगेच ध्यानात येऊन ती दुरुस्त करी. आपल्या दख्खनातही असेच घडले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५ च्या सुमाराच्या हिवाळ्यात दक्षिणेकडे दौऱ्यावर असताना त्यांची कन्या मेरी हिला बरोबरची आया ॲना लिबरेटा डिसोझा हिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरीने त्या टिपून घेतल्या, लिहून झाल्यावर ॲनाला वाचून दाखवून त्यांची रुजवात करून घेतली, आणि १८६८ साली त्यांचा संग्रह लंडनला प्रसिद्ध केला. ॲनाची स्वतःची जीवनकथाही त्या पुस्तकात तिने समाविष्ट केली, ही गोष्ट मला त्या संग्रहातील कोणत्याही राजकन्येपेक्षा अधिक हृद्य वाटते. दोन्ही ठिकाणी साधन होते ते लेखणीचे, आणि त्या साधनाने सांगणारीला बाजूस सारले नाही. उलट तिला पुन्हा सांगावयास लावले, आणि पुन्हा सांगताना तिला आपली गोष्ट स्वतःलाच ऐकू आली.

ध्वनिमुद्रक ही माझ्या वर्गाची लेखणी झाली. प्रथम कॅसेटचे यंत्र होते, पुढे खिशातला फोन आला, काम एकच. मूल गोष्ट सांगे, आम्ही ती मुद्रित करीत असू आणि लगेच त्यालाच ऐकवीत असू. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मुले हसत, लाजत, तो आपला नव्हेच असे म्हणत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र ती ऐकू लागत. ‘बाई, मी सारखं मग-मग-मग म्हणतो,’ असे एका मुलाने मला सांगितले आणि पुढल्या खेपेस त्याने ‘इतक्यात’, ‘तेवढ्यात’, ‘तिकडे काय झालं’ असे शब्द आपणहून शोधून आणले. व्याकरणाच्या तासाला क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यये मी कितीही वेळा शिकविली असती तरी हे साधले नसते. दुसऱ्या एका मुलीच्या ध्यानात आले की तिचा राजा तीन दिवस प्रवास करतो पण जेवत नाही. तिने त्याला भाकरी दिली, भाकरी म्हणून वाटेत एक म्हातारी आली, आणि म्हातारी आली म्हणून गोष्टीला एक नवाच फाटा फुटला.

आणखी एका मुलीविषयी सांगितले पाहिजे. ती वारली पाड्यावरून येई. जूनपासून दिवाळीपर्यंत तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. मास्तरांच्या मराठीत आणि तिच्या घरच्या बोलीत जे अंतर होते ते ओलांडण्याचे धैर्य तिला झाले नव्हते, आणि ते ओलांडून तिच्याकडे जाण्याची समज, मोकळेपणाने सांगते, मलाही आलेली नव्हती. एके दिवशी ते यंत्र मी तिच्या मैत्रिणींबरोबर व्हरांड्यात ठेवून आत निघून गेले. संध्याकाळी ऐकले तो तिचा आवाज होता: भरभर, निःशंक, घरच्या बोलीत, मध्येच गाणे म्हणत, मध्येच कोंबडीचा आवाज काढीत. अर्धे मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसून वाक्यावाक्याला यंत्र थांबवून अर्थ विचारू लागले, आणि त्या दिवशी आमच्या दोघींच्या भूमिका बदलल्या. ती सांगे, आणि ‘हूं’ मी म्हणे. ग्रियर्सनसाहेबांनी भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा बोलीबोलींचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा ठिकठिकाणी तर्जुमा करवून घेतला होता; त्यांच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली छापलेल्या, तीच एक गोष्ट पानापानांवर निरनिराळ्या बोलींची वस्त्रे लेवून येते. विद्वानांच्या कामासाठी सर्वांना एकच गोष्ट देणे योग्य होते. शाळेच्या कामासाठी त्याच्या नेमके उलट करावे लागते: बोली मुलाची, आणि गोष्टही त्याचीच.

प्रत्यक्ष पडद्याचा उपयोग कसा करावा, हे शिक्षक मला विचारतात. मुलांनी कागदावर काढलेल्या चित्रांचे फोनने छायाचित्र घ्यावे आणि तीच चित्रे क्रमाने पडद्यावर लावावीत. चित्र एका मुलाने काढलेले असावे आणि सांगणारे दुसरे असावे, म्हणजे त्यांना आपसात विचारविनिमय करावाच लागतो. सांगणाऱ्याने पडद्याच्या शेजारी, उजेडात उभे राहावे. खोली पूर्ण काळोखी करू नये, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे त्याला दिसले पाहिजेत. पुढल्या चित्राची कळ त्याच्याच हाती असावी. हे सारे पिंगुळीचेच आहे. केवळ पोथीच्या जागी पडदा आला. एका चिमुरड्याने कळ दाबण्यापूर्वी वर्गाकडे पाहून ‘आता काय असंल?’ असे विचारले आणि साऱ्यांची उत्तरे ऐकून घेतल्यावरच चित्र दाखविले. हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

इटलीचे बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या ‘कल्पनेचे व्याकरण’ या अर्थाच्या ग्रंथात एक खेळ वर्णिला आहे: ओळखीची गोष्ट मुद्दाम चुकीची सांगावी. लाल टोपीऐवजी पिवळी म्हणावे, मुले ओरडून दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करता करता गोष्टीची मालकी त्यांच्याकडे जाते. मुद्रित गोष्ट चुकत नाही, दर वेळी ती तशीच असते. म्हणून हा खेळ यंत्राला खेळता येणार नाही असे मी समजत होते. पण मुलांनीच मार्ग काढला. तिसरीच्या वर्गाने कावळा-चिमणीची गोष्ट मुद्दाम बिघडवून मुद्रित केली, तीत घर वाहून जाते ते चिमणीचे, आणि ती पहिलीच्या वर्गाला ऐकवली. पहिलीच्या वर्गात जो हलकल्लोळ झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातील गुरुजी धावत आले. मग पहिलीने दुरुस्त गोष्ट मुद्रित करून तिसरीला परत पाठविली, आणि असा हा पत्रव्यवहार महिनाभर चालला.

वाचनाच्या बाजूनेही आज पूर्वी नव्हती इतकी सुबत्ता आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे, जे १९७१ पासून निघते, जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संग्रहात अनेक भाषांतील सचित्र गोष्टी असून त्यांचा आपल्या बोलीत तर्जुमा करण्याची मुभा कोणालाही आहे. या दुसऱ्या सोयीचे महत्त्व आमच्या शाळांच्या ध्यानात अद्याप पुरतेपणी आलेले नाही. अहिराणी, मालवणी, वारली, कोरकू बोलणाऱ्या मुलाने स्वतःच्या घरच्या शब्दांत छापल्यासारखे पान पडद्यावर पाहणे, ही घटना त्याच्या आयुष्यात किती मोठी असते, हे ज्याने तो चेहरा पाहिला आहे त्यालाच ठाऊक.

दोन सावधगिरीच्या सूचना मात्र केल्याच पाहिजेत. मुलाचा आवाज ही त्याची मालमत्ता आहे. तो पालकांच्या संमतीवाचून गावभरच्या गटावर पाठविणे, शाळेची जाहिरात म्हणून वापरणे, हे अनुचित तर आहेच. शिवाय २०२३ च्या कायद्याने मुलांच्या वैयक्तिक माहितीस पालकांच्या संमतीचे संरक्षणही दिलेले आहे. माझ्या वर्गातील मुद्रणे वर्गाच्या कपाटात राहत आणि वर्षअखेरीस ज्याची त्याच्या घरी जात. दुसरी सूचना नव्या यंत्राविषयी. चार शब्द दिले असता क्षणार्धात सबंध गोष्ट रचून देणारी यंत्रे आता निघाली आहेत, आणि काही शाळांत मुलांना ती वापरावयास देण्याची घाई चालली आहे. शिक्षकाने त्यांचा उपयोग स्वतःच्या तयारीसाठी करावा, त्यास माझी हरकत नाही. पण सात वर्षांचे मूल ‘मग राजा...’ असे म्हणून अडते, वर पाहते, ओठ चावते आणि अखेर काहीतरी सांगते, तो अडलेला क्षण म्हणजेच त्याचे शिक्षण होय. त्या क्षणी जो कोणी उत्तर पुरवील, मग तो वडीलभाऊ असो वा यंत्र, तो मुलाचे इनाम परस्पर खालसा करीत आहे.

शेवटी एका मुद्रणाविषयी सांगून मी आपली रजा घेते. घरून आजीची गोष्ट मुद्रित करून आणा असे मी मुलांना सांगितले होते. एका मुलाने आणलेल्या मुद्रणात आजी सांगत होती, आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर त्याचा हुंकार येत होता. सात भावांची एक बहीण रानात चुकली होती. पाणी कोठे मिळेना. हुंकार हळूहळू बारीक झाला, लांबला, आणि मग येईनासा झाला. आजीने आणखी एक वाक्य सांगितले, वाट पाहिली, आणि ती गप्प झाली. मुलाला यंत्र बंद करण्याची शुद्ध राहिली नव्हती. त्यानंतर कितीतरी वेळ नुसती रात्र मुद्रित झालेली होती: रातकिडे, दूरवर कुत्रे, पांघरूण सारखे केल्याचा आवाज. वर्गात ते ऐकताना, आजी थांबली त्या ठिकाणी, मागच्या बाकावरून एका मुलीने हळूच ‘हूं’ म्हटले. मग दुसऱ्याने म्हटले, मग साऱ्या वर्गाने. यंत्रातून रातकिडेच येत राहिले.

बहिणीला पाणी मिळाले की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्या मुलालाही नाही. पुढल्या शनिवारी आम्ही त्याच्या आजींना शाळेत बोलावले.